फाशीच्या घोषणेआधी फिर्याद

प्रश्न : आमच्या गृहसंकुलाचा मी सेक्रेटरी आहे. क्लबहाउसच्या खोलीत एक सर सहा वर्षांपासून शिकवणी घेतात. रविवारी संध्याकाळी नऊ वर्षांच्या एका मुलाचे आईवडील माझ्या दारात आले. सर बाकीच्यांना सोडतात, ह्याला ‘वही तपासायची आहे’ म्हणून मागे ठेवतात आणि नको तिथे हात लावतात, असं मुलाने आईला सांगितलं. तीन-चार वेळा झालंय, शेवटचं गेल्या शुक्रवारी. दोन तासांत ग्रुपवर बातमी पसरली. गणपतीतल्या बक्षीस समारंभाचा सरांचा फोटो फिरतोय, त्यात तो मुलगाही आहे. एका सभासदाने मुलाला समोर बसवून सगळं बोलायला लावलं आणि पुरावा म्हणून व्हिडिओ केला. तरुण मुलं म्हणतात, सरांना खाली ओढून चोप देऊ, धिंड काढू. मंगळवारी पोलीस ठाण्यावर ‘फाशी द्या’ असा मोर्चा ठरलाय. काही ज्येष्ठ म्हणतात सर असे नाहीतच, आणि मुलगाच तर आहे, एवढा बोभाटा कशाला. आईवडील बदनामीच्या भीतीने अजून पोलिसांत गेलेले नाहीत. मला विचाराल तर असल्या माणसाला भर चौकात फाशी दिली पाहिजे. माझं चुकतंय का? आणि सेक्रेटरी म्हणून मी करू काय? तो मुलगा उद्या खाली खेळायला आला तर आम्ही त्याच्याशी बोलायचं तरी काय?

उत्तर : पत्रातल्या ओळखीच्या खुणा आम्ही बदलल्या आहेत. तातडीचं तेवढं, तुमचं पत्र सोमवारी मिळालं त्याच दिवशी, तुम्हाला कळवलं. ही वेळ उद्या दुसऱ्या कुणावरही येऊ शकते, म्हणून ते इथे पुन्हा सांगतो. फाशीचं बोलायचं आहेच, पण आधी फिर्याद. रविवारपासून तुमच्या संकुलात सगळं झालं, तेवढी एक गोष्ट सोडून.

ही फिर्याद देणं हा फक्त आईवडिलांचा निर्णय आहे असं सगळे धरून चालतात. तसं नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, कलम १९ मध्ये सांगतो की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. रविवारी संध्याकाळी तुम्हाला कळलं, तेव्हापासून ही जबाबदारी तुमचीही आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं नव्हतं. त्यांच्यावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. उलट चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, असं कलम १९ मध्येच लिहिलं आहे. आईवडिलांना हे शांतपणे सांगा. ‘तुम्ही जा’ म्हणू नका, ‘आपण जाऊ’ म्हणा. निर्णयाचा भार दोघांच्याच डोक्यावर राहिला नाही की पाऊल उचलणं सोपं जातं.

शुक्रवार ते सोमवार, म्हणजे ७२ तास होत आले. म्हणून त्याच दिवशी जा असा आग्रह धरला होता. शरीरावरचा किंवा कपड्यावरचा पुरावा दर तासाला कमी होत जातो. शुक्रवारचे कपडे धुतले नसतील तर धुवू नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि तपासणीला काही उरत नाही. डॉक्टरी तपासणी एफआयआर झाला नसला तरी होऊ शकते. ती आईवडिलांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या समोर व्हायची असते. त्यासाठी रुग्णालय पोलिसांचं पत्र मागू शकत नाही, आणि सरकारी असो वा खासगी, उपचार मोफतच द्यावे लागतात. हात लावण्याच्या प्रकारात तपासणीत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. अहवालात ‘इजा नाही’ असं आलं की घरचे खचतात. खचण्याचं कारण नाही, कारण हा खटला मुलाच्या जबाबावर उभा राहतो आणि विश्वासार्ह जबाब एकटाही पुरतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेलं आहे.

त्या व्हिडिओबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते. करणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने बचावाच्या वकिलाच्या हातात कोलीत दिलं. असे व्हिडिओ साधारण कसे होतात ते बघा. ‘सरांनी तुला मागे थांबवलं ना? इथे हात लावला ना? मग पँटमध्येही घातला असेल ना?’ मूल प्रत्येक वेळी मान हलवतं. समोर चार मोठी माणसं बसलीत, एकाच्या हातात फोन आहे, दुसरं ते काय करणार? दीड वर्षाने उलटतपासणीत हाच व्हिडिओ लावला जातो आणि प्रश्न येतो, हे तू सांगितलंस की काकांनी? कोर्टात अशा मुलाला एक शब्द आहे, पढवलेला साक्षीदार. एकदा तो चिकटला की खरा जबाबही दुबळा होतो. शिवाय मूल तीच गोष्ट आईला, बाबांना, काकांना, कमिटीला, डॉक्टरांना, पोलिसांना सांगतं, तेव्हा दरवेळी थोडा फरक पडतो. मंगळवारचा बुधवार होतो, दोनदाचं तीनदा होतं. मोठ्यांचंही तसंच होतं. पण कोर्टात तो फरक ‘विसंगती’ म्हणून मांडला जातो. म्हणून ह्यापुढे त्याला कुणीही काहीही विचारायचं नाही. आपण होऊन बोलला तर ऐकायचं, फार तर ‘बरं, मग?’ एवढंच म्हणायचं, आणि तो झोपल्यावर आईने त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून वहीत उतरवायचे. तो ‘शू’ म्हणाला तर ‘शू’च लिहायचं.

व्हिडिओ ज्या फोनवर काढला त्या फोनवर तो तसाच राहू द्या, कापाकापी नको, आणि तपास अधिकाऱ्याला स्वतःहून सांगा. दडवून ठेवला आणि नंतर निघाला तर जास्त नुकसान. ग्रुपवर गेलेल्या प्रती मात्र सगळ्यांनी लगेच काढून टाकायच्या, फोटोही. मुलाचं नाव, घर, शाळा, कुटुंब, परिसर, फोटो, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला पॉक्सोच्या कलम २३ ने बंदी आहे आणि शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. समाजमाध्यमंही ह्यात धरलेली आहेत, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं. ‘आमचा राग आरोपीवर आहे, मुलावर नाही’ हे इथे चालत नाही. सरांचं नाव, शिकवणीची वेळ आणि विंग एवढं लिहिलं तरी कोणता मुलगा ते चौथीतलं पोरही सांगेल. ग्रुपची सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं करा आणि इतकंच टाका : ‘एका गंभीर बाबीची तक्रार पोलिसांकडे दिली आहे. कुणाचंही नाव, फोटो, व्हिडिओ, आवाज पुढे पाठवू नये, असलेले काढून टाकावेत. क्लबहाउसमधली शिकवणी बंद आहे. कुणाला काही सांगायचं असल्यास थेट तपास अधिकाऱ्यांना भेटावं.’ ह्याखाली चर्चा होऊ देऊ नका.

पोलीस ठाण्यात मुलाला घेऊन जायची गरज नाही. त्याचा जबाब घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि अधिकारी गणवेशात नको. आई किंवा तो ज्याला चिकटतो ते माणूस शेजारी बसतं. आरोपी त्याच्या नजरेलाही पडता कामा नये. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मिळाल्याशिवाय उठू नका. हद्दीचा प्रश्न काढला तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा, कुठल्याही ठाण्यात नोंदवावाच लागतो. ‘आधी साहेब येऊ द्या’, ‘उद्या या’ असं झालं तर लेखी तक्रार उपायुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे द्या आणि पोच घ्या. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. ही समिती मुलासाठी सपोर्ट पर्सन नेमू शकते, म्हणजे तपासापासून निकालापर्यंत कुटुंबाबरोबर राहणारं प्रशिक्षित माणूस. बहुतेक कुटुंबांना हे कुणी सांगतच नाही, आणि जिथे असं माणूस लवकर मिळतं तिथली कुटुंबं खटल्याच्या मध्यावर गळून पडत नाहीत. म्हणून ते मागून घ्या, लेखी मागा. रात्री-अपरात्री काही लागलं तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ आहेतच.

आता फिर्यादीत काय लिहायचं. आपल्याकडे चांगली माणसं नेमकी इथे चुकतात. कुणीतरी जाणकार पुढे होतो आणि म्हणतो, ‘एवढ्याने काय होणार, अजून थोडं घाला, कलम वाढेल.’ मुलाने सांगितलं त्यापेक्षा एक शब्दही जास्त घालू नका. तुम्ही लिहिलंत त्यावरून हे पॉक्सोच्या कलम ९ चं प्रकरण दिसतं, गंभीर स्वरूपाचा लैंगिक हल्ला, कारण मूल १२ वर्षांखालचं आहे, प्रकार एकापेक्षा जास्त वेळा घडला आहे आणि करणारा विश्वासाच्या नात्यातला आहे. कलम १० खाली शिक्षा किमान ५ वर्षं, कमाल ७. लैंगिक प्रवेशाचा प्रकार असता तर कलम ६, किमान २० वर्षं, पुढे मरेपर्यंत जन्मठेप किंवा मृत्युदंड. हे २०१९ च्या दुरुस्तीने आलं. ५ ते ७ वर्षं ऐकून तुमच्या मोर्चातल्या लोकांना कमी वाटेल, आणि मग वाढवून लिहिण्याचा मोह होईल. पण मूल कोर्टात जे घडलं तेच सांगणार. वाढवलेलं पडलं की त्याबरोबर खरं होतं तेही संशयात जातं, आणि ७ वर्षांच्या लायकीचा माणूस सुटून घरी येतो. मूल पुढे आपण होऊन आणखी काही बोललं तर पुरवणी जबाब देता येतो, तो रस्ता उघडाच असतो.

चोप आणि धिंड ह्याबद्दल आम्ही स्पष्टच सांगतो, होऊ देऊ नका. सरांची दया येते म्हणून हे सांगत नाही. अटक झाली की आरोपीची डॉक्टरी तपासणी होते आणि प्रत्येक वळ नोंदला जातो. तुमच्या मुलांच्या हातचे ते वळ पुढे जामीन अर्जात आणि बचावात वापरले जातात : ‘सोसायटीतल्या लोकांना मला खोलीतून काढायचं होतं, मारून कबूल करून घेतलं.’ जमावापुढच्या कबुलीला कोर्टात फारशी किंमत नाही. उलट साक्षीदार व्हायला हवीत ती तुमची पोरं आरोपी होतात आणि मग दोन्ही बाजूंनी ‘मिटवून टाकू’ची भाषा सुरू होते. आणि जमाव चुकला तर? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. फोनवर फिरणाऱ्या अफवा लोकांनी खऱ्या मानल्या होत्या. मारणाऱ्यांना लेकराबाळांचीच काळजी होती, त्यातल्या सात जणांना २०२४ मध्ये जन्मठेप झाली. तुमच्याकडे तर त्याच इमारतीत सरांचं कुटुंब राहत असेल. त्यांच्या घरातल्या मुलांनी काही केलेलं नाही, त्यांच्या दारावर कुणी काही लिहिणार नाही, पाणी-वीज तोडणार नाही, हे सेक्रेटरी म्हणून तुम्ही बघायचं.

‘सर असे नाहीतच’ म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका. मुलांना त्रास देणारा माणूस कपाळावर पाटी लावून फिरत नाही. मुलांना जीव लावणारा, फी मागे ठेवणारा, गणपतीत राबणारा अशी ओळख असेल तरच त्याच्या खोलीत आपण पोरं निर्धास्त सोडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतात, अशा गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. आणि ‘मुलगाच तर आहे’ ह्या वाक्याला तर अजिबात थारा देऊ नका. केंद्र सरकारने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचं सांगितलं आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करतच नाही. मुलग्याच्या तोंडून असं काही बाहेर पडायलाच फार अवघड जातं, आणि ज्या घरात ‘तू रडतोस काय मुलीसारखा’ असं म्हटलं जातं तिथे तर कठीणच. ह्याने सांगितलं. मात्र सर दोषी आहेत की नाहीत हा निवाडा कमिटीने करायचा नाही, ना ह्या बाजूने ना त्या. तक्रार द्यायला संशय पुरतो.

सेक्रेटरी म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी मोर्चातल्या पाचशे लोकांच्या हातात नाही, सीसीटीव्ही. साध्या डीव्हीआरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरचं चित्रण क्षमतेप्रमाणे साधारण १५ ते ३० दिवसांत पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. क्लबहाउसच्या बोळातल्या कॅमेऱ्यात खोलीच्या आतलं दिसणार नाही, पण बाकीची मुलं ७ वाजता बाहेर पडली आणि हा एकटा ७ वाजून २० मिनिटांनी, असं तीन-चार तारखांना दिसलं तर मुलाच्या जबाबाला भक्कम टेकू मिळतो. पोलिसांना लेखी कळवा की चित्रण जप्त करून घ्या. ते यायला उशीर होत असेल तर तंत्रज्ञाला बोलावून जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवा. काढताना डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहून ठेवा, कारण ही घड्याळं दहा-वीस मिनिटं सहज चुकलेली असतात आणि तेवढ्यावरून पुरावा डळमळतो. डिस्क पाकिटात घालून दोन सभासदांच्या सह्यांनी बंद करा आणि पंचनाम्यात पोलिसांच्या हवाली करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ह्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा असतो, म्हणजे बहुधा तुम्ही किंवा तुमचा मॅनेजर. चित्रण आपापल्या फोनवर उतरवून पाहत बसणं बंद. गेटचं रजिस्टर, खोलीच्या भाड्याच्या पावत्या, चाव्या कोणाकडे असतात त्याची नोंद, हेही बाजूला काढा. खोलीला कुलूप लावा, झाडलोटही नको.

त्या शिकवणीला जाणारी आणखी मुलं आहेत. त्यांना हॉलमध्ये गोळा करून ‘तुमच्याबरोबर असं काही झालं का’ विचारणं हा सर्वात वाईट मार्ग. एक हात वर झाला की चार होतात, किंवा कोणाचाच होत नाही. पालकांना घरोघर, एकेकट्याने भेटा आणि सांगा की रोजच्यासारखं बोलता बोलता उघडा प्रश्न विचारा : ‘शिकवणीत तुला काय आवडायचं? काय नाही आवडायचं?’ सरांनी काय केलं असेल ते सुचवायचं नाही. काही निघालं तर तिथेच थांबून तपास अधिकाऱ्याकडे.

आता तुमचा मूळ प्रश्न. राग येणं चूक नाही, तो यायलाच हवा. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरला लोक दिवसभर रेल्वे रुळांवर बसले, शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चार वर्षांच्या दोन मुलींसाठी. गुन्हा नोंदवायला झालेल्या दिरंगाईवर उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, पोलीस अधिकारी निलंबित झाले, शाळेने माहिती दडवली म्हणून व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. त्या रागाशिवाय हे इतक्या लवकर झालं असतं असं आम्हाला वाटत नाही. पण गर्दीची घोषणा एकच होती, ताबडतोब फाशी. महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकारी चौकशीच्या अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं होतं. आणि मुलींना काय मिळालं? मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. ह्याने हे केलं, असं पुरावे तपासून कोर्टाने लिहिलेला कागद त्यांच्या वाट्याला कधीच येणार नाही. चर्चा चकमकीची झाली, शाळेत मुलींसाठी महिला कर्मचारी का नव्हती हा प्रश्न मागे पडला.

कायद्यातल्या फाशीबद्दलही आमचं मत विरोधात आहे आणि त्याची कारणं व्यवहारातली आहेत. मुलाला मारून टाकलं तरी फाशी आणि जिवंत सोडलं तरी फाशी, असं झालं तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवायचं कारण गुन्हेगाराला उरत नाही. दुसरं, करणारा बहुतेक वेळा काका, शेजारी, सावत्र बाप, आजोबा असतो. ‘तुझ्या एका शब्दाने काका फासावर जाईल’ हे आजी नातवंडाला स्वयंपाकघरात सांगते आणि फिर्याद तिथेच संपते. शिक्षा जितकी टोकाची, तितका घरच्यांचा दबाव जास्त. तिसरं, फाशी दिली तरी ती अपिलांत वर्षानुवर्षं अडकते. कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्याचा निकाल १६ महिन्यांत, नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला, तिघांना फाशी सुनावली. मुख्य आरोपी २०२३ मध्ये येरवड्यात मेला, तोवर ती फाशी झालेलीच नव्हती. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही २०१३ मध्ये बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नव्हती, तेव्हा देशभर फाशीच्या घोषणा सुरू असूनही. पकडला जाणार, खटला चालणार आणि ५ वर्षं असोत की २०, आत बसावंच लागणार, ही खात्री असली की असा माणूस कच खातो. ती खात्री नसेल तर पुस्तकातल्या फाशीला तो भीत नाही.

आणि त्या मुलाकडे बघा. ह्या मुलांना तो माणूस बहुतेक वेळा आवडतही असतो. त्याने गणित शिकवलेलं असतं, चॉकलेट दिलेलं असतं. ‘हात लावायचं थांबवा’ एवढंच त्याला हवं होतं. खिडकीखालून ‘फाशी द्या’ ऐकू आलं की नऊ वर्षांच्या डोक्यात अर्थ लागतो, माझ्यामुळे सर मरणार. मग तो म्हणतो, ‘आई, मी खोटं बोललो.’ अशा नकाराला घाबरून घरचे तक्रार मागे घ्यायला निघतात. म्हणून घोषणा त्याच्या कानावर पडू देऊ नका. त्याला सांगायचं : ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. ह्यात तुझी काही चूक नाही. पुढचं मोठी माणसं बघतील.’ ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न घरात कुणीच विचारायचा नाही, बाबांनी तर नाहीच.

मंगळवारचा मोर्चा रद्द करा असं आम्ही म्हणत नाही, बदला. पाच जणांनी पत्र घेऊन वरिष्ठांना भेटा आणि मोजता येईल ते मागा. महिला अधिकाऱ्याने जबाब घेतला का? बालकल्याण समितीला २४ तासांत कळवलं का? दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब कधी? तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो, ती तारीख कोणती? ‘ह्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असला ठराव मात्र करू नका. वकिलाशिवाय खटला हलत नाही, हलला तर अपिलात टिकत नाही. कसाबलाही वकील दिला होता, म्हणून तो निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.

खरी परीक्षा पुढे आहे. कायदा म्हणतो की कोर्टाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात निकाल. प्रत्यक्षात तारखा पडतात. जामीन अर्ज आला, आरोपपत्र दाखल झालं, की कुटुंबाला कळवणं पोलिसांचं काम आहे, विचारत राहा. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय असते, सुनावणी बंद दाराआड होते, वकिलाला मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. विशेष न्यायालय निकालाआधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्जाबद्दल विचारा. दुसऱ्या वर्षी कुणीतरी मध्यस्थ येईल, पैसे देऊ करेल. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, तडजोड झाली म्हणून खटला रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शिक्षकाच्याच प्रकरणात सांगितलं आहे. तोवर रविवारी ओरडणारे बहुतेक जण पांगलेले असतील. वॉचमन दुसरीकडे नोकरीला लागला असेल आणि रजिस्टर कुठे आहे ते कुणाला आठवणार नाही. साक्षीदार फितूर होतात ते नेहमी पैसे खाऊन नाही, निम्मे कंटाळून. वॉचमनचा कायमचा पत्ता आजच लिहून घ्या. प्रत्येक तारखेला आईबरोबर कोण जाणार, त्या दिवशी धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, ह्याची पाळी लावा. चोप द्यायला निघालेल्या तरुणांना हे काम द्या, अंगातली रग इथे कामी येईल.

आणि तो खाली आला तर काय बोलायचं, हे तुम्ही शेवटी विचारलंत. डोक्यावरून हात फिरवू नका, ‘कसा आहेस बाळा’ म्हणून डोळ्यांत बघू नका, चॉकलेटं देऊ नका. त्याला सगळं कळतं. परवा जे बोलत होतात तेच बोला. चेंडू गाडीखाली गेला तर ओरडा. बॅटिंग कोणाची आहे ते विचारा.